ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी का सोडली?

बाप्तिस्मा झाला की माणूस बदलला, असा अनेकांचा समज असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मात्र आणखी २२ वर्षं लागली.

१८६१ साली जन्मलेल्या टिळकांचं प्राथमिक शिक्षण कल्याणला झालं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. याची झळ घरालाही बसली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नंतर अमेरिकन मराठी मिशनचं काम, 'ज्ञानोदय'चं संपादन, कवी म्हणून नाव. सगळं सुरळीत होतं, आणि अडचण तिथेच होती. पगार, पद, मान सांभाळत 'मी'पणा कसा सुटणार? संतांच्या, विशेषतः तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या टिळकांना हा प्रश्न नवा नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्या काळात हे धाडसच.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.