ओदातेचा अकिता आणि आपला कारवानी

न्हावा शेव्याला मी कारवानी कुत्री पाळतो, त्यांची वीण काढतो. पण जात जपणं म्हणजे काय, हे मला शिकवलं जपानच्या अकिता कुत्र्यानं. हाचिको या अकिताचा सिनेमा पाहून बंदरातली पोरं येतात आणि विचारतात, "दादा, अकिताचं पिल्लू मिळवून द्या ना." मी त्यांना आधी बसवून ओदातेचा इतिहास सांगतो.

ओदाते हे उत्तर जपानमधलं, अकिता प्रांतातलं थंडीबर्फाचं गाव. तिकडचे मातागी शिकारी अस्वलाच्या मागावर अकिता कुत्रे नेत. पुढे ओदातेला कुत्र्यांच्या झुंजींचा नाद लागला. झुंजीला आडदांड कुत्रा हवा, म्हणून तोसा जातीच्या आणि युरोपीय कुत्र्यांशी संकर झाले. उभे कान पडू लागले, पाठीवर वळणारी शेपूट सुटली. १९१९ साली जपाननं निसर्गाचे ठेवे राखण्याचा कायदा केला, तेव्हा या कुत्र्यांचं मूळ रूपच हाती लागेना.

मग माणसं जिद्दीनं कामाला लागली. १९२७ मध्ये खुद्द ओदातेत अकिता जतन संस्था निघाली. पुढच्याच वर्षी साइतो हिरोकिची यांनी सगळ्या जपानी जातींसाठी 'निप्पो' ही संस्था उभी केली. गावोगावची कुत्री पाहायची, कान, शेपूट, केस तपासायचे, वंशावळ लिहून ठेवायची, हे या संस्थांचं काम. १९३१ मध्ये अकिताला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. १९३७ पर्यंत काई, किशू, शिबा, शिकोकू आणि होक्काइदो याही जाती त्या यादीत आल्या. शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वाट पाहणारा हाचिको १९३२ साली वर्तमानपत्रातून जपानभर पोचला, तो याच साइतोंमुळे.

नंतर महायुद्ध आलं. माणसांनाच खायला नव्हतं, त्यात सैन्याला कातडी हवी होती, म्हणून कुत्री मारली गेली. काहींनी आपली अकिता डोंगरात लपवून वाचवली. युद्धानंतर जर्मन शेफर्डचं रक्त मिसळलेल्या 'देवा' नावाच्या वाणाचे मोठे कुत्रे अमेरिकी सैनिकांबरोबर परदेशी गेले. जपानी मंडळींनी मात्र 'इचिनोसेकी' हा दुसरा वाण धरून जुनं रूप परत आणलं.

अकिताच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली लोकरीसारखी दाट लव. बर्फात ती त्याला तारते. आपल्या खाडीकाठच्या दमट उन्हाळ्यात तीच त्याला धापा टाकायला लावते आणि पावसाळ्यात खालची लव लवकर वाळत नाही. अकितावर प्रेम असेल तर त्याला इथे आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या कारवानीला पावसातून आल्यावर कोरडा फडका फिरवला की झालं. आखूड, अंगासरशी केस, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. हा दख्खनच्या माळाचा कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो बेडर समाजाच्या शिकाऱ्यांकडे पाहिला, आपल्या संस्थानात त्याची वीण जोपासली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं.

पण ओदातेत झुंजींनी जे केलं, ते आपल्याकडे शर्यती करत आहेत. चार पावलं पुढे पळावं म्हणून कारवानीला ग्रेहाउंड लावतात आणि पिल्लं 'कारवानी' म्हणूनच विकतात. राजाश्रय मिळाला, तिकीट निघालं, तरी घरोघरची नोंदवही नसेल तर जात टिकत नाही. ओदातेची जात राजानं वाचवली नाही, वंशावळ लिहिणाऱ्या माणसांनी वाचवली.

तेव्हा कारवानी घ्यायचा असेल तर पिल्लाच्या आईबापांना डोळ्यांनी बघा, त्यांची नोंदणी मागा, शर्यतीचा संकर गळ्यात मारला जात असेल तर उठून या. आणि वीण काढलीत तर आजोबा-पणजोबांपर्यंतची नावं वहीत लिहा.