चिमूटभर चुना

मनोरला आमच्या घरी धुळवडीच्या आदल्या रात्री आजी पळसाची फुलं उकळायची. पाणी पिवळं व्हायचं. मग पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पडला की लगेच गडद केशरी. त्याच सुमारास बाबा बोईसरहून शिफ्ट संपवून यायचे. तारापूर एमआयडीसीत ते रंगाच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांतला पिवळा सुट्टीच्या दिवशीही निघायचा नाही.

या दोन रंगांचं नातं मला सॉफ्टवेअरच्या नोकरीत, रात्री उशिरा वाचता वाचता कळलं.

रेणूत एकाआड एक येणाऱ्या दुहेरी बंधांची साखळी पुरेशी लांब असली, की तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषतो आणि रंगीत दिसतो. पळसात एकाच रेणूची दोन रूपं असतात. आयसोब्युट्रिनमध्ये ही साखळी सलग असते. ब्युट्रिनमध्ये मधलं एक कडं बंद होतं, साखळी तुटते आणि रंग जातो. चुना ते कडं पुन्हा उघडतो. आजी दर वर्षी हेच करत होती.

रचना कळली, की रंग कारखान्यात करता येतो. बायरने निळीची रचना १८८३ मध्ये मांडली. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती ओसरली. पळसाचा रंग उन्हात उडतो, म्हणून तो आजीकडेच राहिला.

आपल्याकडे या दोन्ही वाटा चालले ते के. वेंकटरमण. फुलांतली पिवळी फ्लेवोन द्रव्यं प्रयोगशाळेत बनवण्याच्या एका अभिक्रियेला आजही त्यांचं नाव आहे. १९३८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने आला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथे त्यांच्या गटाने लाखेच्या किड्यातली लाल आणि फणसाच्या लाकडातली पिवळी द्रव्यं उलगडली.

गेल्या धुळवडीला आजी नव्हती. फुलं मी वेचली, चुना बाबांनी टाकला. मी कागदावर ते उघडणारं कडं काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आमच्या पिवळ्याचं पण असं काढशील?"

"नाव काय त्याचं?"

"नाव कुठलं? पिंपावर नुसते नंबर असायचे."

सव्वीस वर्षं तो रंग त्यांच्या हातावर होता. माझा कागद कोराच राहिला.