जुन्या डायकास्ट मोटारी : ऑनलाइन विक्रीसाठी वर्णन व छायाचित्रण

साच्यात वितळलेला धातू दाबाने भरून घडवलेल्या खेळण्यातल्या मोटारींना डायकास्ट मोटारी म्हणतात. संग्राहकांच्या बाजारात ब्रिटनमधील तीन कंपन्यांच्या गाड्यांना मोठी मागणी आहे : लिव्हरपूलच्या मेकॅनोची डिंकी (या नावाने १९३४ पासून), लंडनच्या लेस्नीची मॅचबॉक्स (१९५३ पासून) आणि मेटॉयची कॉर्गी (१९५६ पासून). अमेरिकेच्या मॅटेलने १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणल्या. आता यांतल्या अनेक गाड्या पडद्यावर पाहूनच घेतल्या जातात. त्यामुळे विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळी आणि काढलेले फोटो एवढ्याच आधारावर ग्राहक पैसे मोजतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये खऱ्या जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे मांडले, ते इथेही लागू पडते. मालाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशी स्थिती असली की ग्राहक सगळ्याच मालाला बेताचा भाव देतो आणि चांगला माल असणारा बाजारातून अंग काढून घेतो. दोष उघड सांगणारा विक्रेता म्हणूनच स्वतःच्या चांगल्या गाडीलाही भाव मिळवून देतो.

किमतीत सर्वांत मोठा फरक पडतो तो गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे, की नंतर कोणी तिच्यावर हात फिरवला आहे, यामुळे. टायर, काचा, स्टिकर, खोके यांच्या नव्या नकला सहज विकत मिळतात. त्या वापरण्यात गैर काही नाही. सांगितले नाही की फसवणूक होते. कॉर्गीची २६१ क्रमांकाची सोनेरी ॲस्टन मार्टिन डीबी ५ (१९६५) हे याचे ठळक उदाहरण. जेम्स बाँडच्या या गाडीत कळ दाबली की छपराचा तुकडा उघडून शेजारच्या आसनावरचा खलनायक बाहेर फेकला जातो. पुढे मशीनगन बाहेर येतात, मागे गोळ्या अडवणारी ढाल उभी राहते. खोक्यात एक जादा खलनायक आणि गुप्त सूचनांचे पाकीटही असे. खलनायकाची ही चिमुकली आकृती मुलांच्या हातून हमखास हरवायची, म्हणून आज अनेक गाड्यांत बसलेली आकृती नकली असते. वर्णनात ‘आकृती नंतरची, ढाल चालते, पाकीट नाही’ असे सुटे सुटे लिहावे. ‘पूर्ण संच’ एवढेच लिहिले तर ग्राहकाला काहीच कळत नाही.

गाडी खोलून रंगवली असेल तर खूण बुडाशी सापडते. वरचा सांगाडा आणि तळपत्रा रिव्हेटने जोडलेले असतात. रंगवण्यासाठी रिव्हेट ड्रिलने उडवावे लागते. त्याच्या जागी स्क्रू किंवा डिंकाचा ओघळ दिसला तर काम नंतरचे. चाके बदलली असतील तर आसाची टोके उघडून पुन्हा ठोकल्याचे दिसते. सुरुवातीच्या मॅचबॉक्समध्ये एकाच गाडीला आधी धातूची, मग करड्या आणि पुढे काळ्या प्लास्टिकची चाके आली. चाकांच्या रंगाप्रमाणे किंमत बदलते, म्हणून बुडाचा आणि आसाच्या चारही टोकांचा जवळून घेतलेला फोटो हवाच. माझ्या मते बुडाचा फोटो न देणाऱ्या विक्रेत्याकडून महागडी गाडी घेऊ नये. खोक्यावर अतिनील दिवा धरला आणि कागद निळसर पांढरा चमकला, तर तो नव्या कागदाचा असण्याची शक्यता मोठी. जुन्या पुठ्ठ्यात ही चमक सहसा नसते.

युद्धपूर्व डिंकी गाड्यांना आणखी एक रोग असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले की धातू आतून भेगाळतो, फुगतो, शेवटी भुगा होतो. यावर उपाय नाही. केसासारखी भेग समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाही. दिवा बाजूने, अगदी आडवा धरला की तिची सावली पडते आणि ती उमटते. ती दिसली तर वर्णनाच्या पहिल्या ओळीतच लिहावी, कारण अशी गाडी टपालाच्या धक्क्यानेही तुटते.

दर्जा सांगताना ‘मिंट’ म्हणजे खेळण्याने पडलेले डाग नसलेली, कारखान्यातून आली तशी. टवका उडालेली गाडी ‘जवळजवळ मिंट’ म्हणून खपवणे ही या बाजारातली सर्वांत जुनी खोड आहे. दर्जाचे शब्द प्रत्येकजण आपल्या सोयीने वापरतो, त्यामुळे त्यांच्यापेक्षा ‘उजव्या दारावर दोन टवके, पुढच्या बंपरवर घासल्याची खूण’ असे लिहिणे बरे. तिऱ्हाइताने कंपनीच्या परवानगीवाचून रंग किंवा छाप बदलून केलेल्या गाडीला संग्राहक ‘कोड ३’ म्हणतात, आणि ते लिहिणे बंधनकारक मानतात.

फोटोसाठी खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड पुरतो. फ्लॅश टाळावा, चकाकत्या रंगावर तो पडला की ओरखडे नाहीसे होतात. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळी गाडी पांढरी वाटू शकते, आणि दुर्मीळ रंगछटेच्या गाडीत त्याने व्यवहाराचा घोळ होतो. मागे साधा करडा कागद ठेवावा, फोन थोडा लांब धरून झूम वापरावा, कारण अगदी जवळून घेतल्यास गाडीचे नाक फुगलेले दिसते. फोनमधील रंग सुधारणारी सोय बंद करावी. चारही बाजू, छप्पर, बूड आणि खोक्याच्या सगळ्या झडपा घेतल्यावर प्रत्येक दोषाचा वेगळा फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो कधीच लावू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा गाडी मुलांच्या खेळासाठी नाही हेही स्पष्ट लिहावे.

वर्णन खरे असावे हे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे : भारतात ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे, संकेतस्थळावर जाहीर केलेल्या गुणांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

भारतीय विक्रेत्यांसाठी कोलकात्याच्या ‘निकी टॉइज’चा मुद्दा महत्त्वाचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीच्या जुन्या साच्यांतून तिथे गाड्या निघाल्या. घडण तीच असल्याने फोटोत त्या सहज डिंकीच वाटतात. फरक कळतो तो तळपत्र्यावरच्या नावावरून, आणि रंगकामही डिंकीइतके सफाईदार नसते. अशी गाडी डिंकी म्हणून विकणे चूकच. पण ‘निकी, कोलकाता’ असे तळपत्र्याच्या फोटोसह लिहिल्यास ती विकत घेणारे वेगळे संग्राहकही असतात.