धरणगावची कवायत : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

खानदेशच्या इतिहासात शिरणारा वाचक बहुधा फारुकी सुलतान, अशीरगड, तापीकाठचा कापूस किंवा अमळनेरचे साने गुरुजी यांच्या मागे जातो. या प्रदेशात बंदूक चालवायला कोणी, कोणाला आणि कशासाठी शिकवले, हा प्रश्न घेऊन येणारे फार थोडे. त्या थोड्यांची संख्या वाढावी, यासाठी ही प्रस्तावना. विषय वरवर लष्करी दिसतो. प्रत्यक्षात तो जमिनीचा, जंगलाचा, नोकरीचा आणि घराण्यांच्या आठवणीचा आहे.

सुरुवात 1818 पासून करावी. पेशवाई संपली, खानदेश कंपनीकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला. सातपुडा, सातमाळा आणि त्यांतले घाट भिल्ल नाईकांच्या राखणीत होते. रस्ता राखायचा, गावाचे रक्षण करायचे आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घ्यायचे, ही जुनी व्यवस्था. नव्या सरकारने तिची घडी विस्कटली आणि वर बंडाचा ठपकाही नाईकांवरच ठेवला. पुढची सहा-सात वर्षे सैन्य पाठवणे, पकडणे, फाशी देणे, मग माफी जाहीर करणे हेच चालले. 1825 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम ईशान्य भागात, धरणगावी, जेम्स आउट्रम या 22 वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले.

आउट्रमने आधी छापे घातले आणि माणसे पकडली. त्यांतल्याच काहींना सोडून मध्यस्थ म्हणून पाठवले. नंतर तो एकटा रानात जाऊन नाईकांबरोबर राहिला आणि पहारा न ठेवता त्यांच्यात झोपला. दारूच्या बैठकींनी मने जिंकली, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. एवढ्या खटपटीनंतर पलटणीत यायला तयार झाले ते पाच जण. दोन-तीन वर्षांत ही संख्या शेकड्यांवर गेली. तीरकामठ्यावर वाढलेल्या हातांत सरकारी बंदूक आली आणि धरणगावच्या मैदानावर रोजची कवायत सुरू झाली. खानदेशातल्या भिल्लांच्या संघटित शस्त्रशिक्षणाचा आद्य प्रवर्तक म्हणून आउट्रमचे नाव घ्यावे लागते ते यामुळे.

मात्र हे शिक्षण एकाच दिशेने झाले असे समजू नये. रांगेत उभे राहणे, हुकूम ऐकून बार काढणे हे भिल्लांना नवे होते. पाऊल न वाजवता चालणे, माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखून दबा धरणे हे आउट्रमला नवे होते. दोन्ही विद्या एकत्र आल्या शिकारीत. खानदेशातल्या त्याच्या मुक्कामात मारलेल्या वाघांची संख्या त्याच्या चरित्रात 191 दिली आहे. त्या काळी तापीच्या दोन्ही काठांवर केवढे रान होते हे या आकड्यावरून कळते. त्यातला प्रत्येक वाघ कोणा ना कोणा भिल्ल मागकऱ्याने आधी शोधला होता, हेही त्याच आकड्यात दडले आहे.

मालेगावची एक हकीकत खानदेश गॅझेटियरमध्ये येते. भिल्ल पलटण तिथल्या छावणीत गेली तेव्हा आउट्रमच्या मूळ रेजिमेंटमधल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांची भेट घेतली आणि त्यांना पानसुपारी दिली. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले जाई त्यांच्या हातावर विडा पडला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. गणवेशाने काय दिले, हे समजायला पगाराच्या नोंदींइतकाच हा विडाही उपयोगी पडतो.

आता वारशाकडे वळू. आउट्रम 1835 मध्ये खानदेशातून गेला. पुढे तो सिंधमध्ये आणि अवधमध्ये गाजला, 1863 मध्ये फ्रान्समधल्या पो येथे वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. त्याची आठवण टिकली त्यात त्याच्या कुटुंबाचा वाटा मोठा आहे. वडील बेंजामिन हे अभियंते. ते 1805 मध्ये अचानक गेले, तेव्हा जेम्स दोन वर्षांचा होता. आई मार्गारेटने ओढाताणीत मुले वाढवली. मुलाने हिंदुस्थानातून आईला लिहिलेली पत्रे राहिली, आणि 1880 मध्ये फ्रेडरिक गोल्डस्मिड याने लिहिलेल्या दोन खंडांच्या चरित्रात खानदेशच्या काळाला भरपूर जागा मिळाली. पुढे 1932 मध्ये, घराण्यातल्याच मेरी फ्रान्सेस आउट्रम यांनी मार्गारेटचे स्वतंत्र चरित्र छापले. जेम्सला त्याच्या हयातीतच हिंदुस्थानचा बेयार्ड, म्हणजे निष्कलंक वीर, म्हटले गेले होते. तीच पदवी घराण्याने आईच्या चरित्राच्या शीर्षकातही घेतली. पत्रे सांभाळायची, चरित्रकाराला द्यायची, मग आपणच लेखणी उचलायची, असे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले.

या कामाबद्दल कृतज्ञ असावे आणि सावधही असावे. कुटुंब जपते ते प्रेमाने, आणि प्रेमाला निवड करावी लागते. घरच्या आठवणीत छाप्यांपेक्षा रानातला धाडसी मुक्काम ठळक होतो. 1830 मध्ये हीच पलटण घेऊन आउट्रम डांगमधल्या भिल्ल राजांवर चालून गेला होता. तो प्रसंग या आठवणीत पराक्रम ठरतो. जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली, तिच्यात त्यांना साहेबाचा भास झाला आणि त्यांनी ती पुजायला घेतली, असे खानदेश गॅझेटियर सांगते. ही गोष्ट भक्तीचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत होते. ती लिहिणारा हात सरकारी होता. पूजा करणाऱ्यांच्या मनात काय होते, भक्ती, धाक, थट्टा की तिन्ही, हे विचारायला कोणी थांबले नाही. अभ्यासकाने तिथेच थांबावे.

कारण या वारशाला दुसरेही घर आहे. ज्यांनी ही विद्या शिकली, वापरली आणि मुलांना सांगितली त्या भिल्ल कुटुंबांचे. त्यांच्याकडे चरित्रकार नव्हता, प्रकाशक नव्हता. पलटणीचा छापील इतिहास सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने 1912 मध्ये सिद्ध केला. तो 1825 ते 1891 असा आहे, कारण 1891 मध्ये पलटण पोलिसांत विलीन झाली. त्यात अधिकारी नावानिशी येतात, शिपाई बहुधा संख्येने येतात. बंदूक खांद्याला कशी लावायची हे रोज शिकवणारे हवालदार आणि जमादार कोण, त्यांची गावे कोणती, निवृत्तीनंतर ते कुठे वसले, या प्रश्नांची उत्तरे धरणगाव, चोपडा, शिरपूर, तळोदा या पट्ट्यातल्या घरांत शोधावी लागतील.

याच पट्ट्यात खाज्या नाईकाचीही आठवण आहे. सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करणारा हा नाईक सरकारी नोकरीत होता. 1857 मध्ये तो उठला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली आणि 1860 मध्ये तो मारला गेला. एका बाजूला सरकारी बंदूक घेतलेला भिल्ल, दुसऱ्या बाजूला सरकारवर शस्त्र उचललेला भिल्ल, आणि पुष्कळदा दोघांची भाषा एक, देव एक. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. ज्या समाजाला सरकारने नेमबाजी शिकवली होती, त्याच्या घरात पुन्हा तीरकामठाच उरला. सूत्र आणखी पुढे न्यायचे असेल तर धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्यापर्यंत जावे. तिथे 14 एप्रिल 1944 रोजी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी सरकारी खजिना लुटला. त्या पिढीच्या सशस्त्र तयारीची हकीकतही बरीचशी घराघरांतच आहे.

नव्या अभ्यासकाच्या हाताशी चांगली साधने आहेत. 1880 चे खानदेश गॅझेटियर आधी वाचावे. मग कॅप्टन ग्रॅहॅमचा भिल्लांवरील जुना वृत्तान्त पाहावा. सुमित गुहा यांचे पर्यावरण आणि जमाती यांवरील पुस्तक आणि अजय स्कारिया यांचे डांगवरील पुस्तक, दोन्ही 1999 ची, हे क्षेत्र कसे वाचायचे ते शिकवतात. स्कारियांनी डांगच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोठी, म्हणजे तोंडी हकीकती, दप्तरखान्यातल्या कागदांच्या शेजारी ठेवल्या आणि दोघांची उलटतपासणी घेतली. खानदेशात आपल्याला तेच करायचे आहे.

ही परंपरा खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे मागत फिरले. त्या दप्तरांत देशमुख, कुलकर्णी, सरदार आले. आता फिरायचे आहे ते पाड्यांतून. तिथे दप्तर नसेल, पण पेन्शनचा कागद, पोलिसाच्या पट्ट्याचे बक्कल, गणवेशातला एखादा फोटो आणि आजोबांची गोठ असेल. कागदाचे छायाचित्र घ्यावे आणि कागद घरीच ठेवावा. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने, त्याच्या उच्चारात लिहावे. गोठ भिल्ली किंवा अहिराणीत असेल तर आधी तशीच उतरवावी, मराठी नंतर.

आउट्रमच्या घराण्याने आपले काम चोख केले आहे आणि ते छापून उपलब्ध आहे. राहिलेले काम खानदेशातल्या घरांचे आहे आणि ते बाहेरचे कोणी येऊन करणार नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः ज्यांच्या स्वतःच्या घरात कोणी पलटणीत किंवा पोलिसांत होते त्यांनी, ते हाती घ्यावे. सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करावी, आणि याच वर्षी करावी.