घरांत उगवणारी कोथिंबीर



शहरांतील बिऱ्हाडांत खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी ठेवून कोथिंबीर, पुदिना, मेथी लावण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ही रीत परदेशांतून आली, असा पुष्कळांचा समज दिसतो. परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं राहणाऱ्यास तो पटावयाचा नाहीं. छपराखालीं बीं रुजविण्याची विद्या आमच्या घरोघरीं दर आश्विनांत उजळली जाते. तिचा इतिहास आपणांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

घटस्थापनेच्या दिवशीं शेतांतील माती घरीं आणतात, ती पत्रावळीवर किंवा परडींत पसरून तींत गहू, ज्वारी इत्यादि धान्य पेरतात आणि मधोमध पाण्यानें भरलेला मातीचा घट ठेवतात. घट हळूहळू पाझरतो व माती ओली राहते. वरून पाणी शिंपावयाचें तें थोडेंच. ही युक्ति फार जुनी आहे. चीन देशांत इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत फान शंग-चि यानें लिहिलेल्या कृषिग्रंथांत मडकीं जमिनींत पुरून, तीं पाण्यानें भरून, भोंवतीं वेल लावण्याची पद्धति सांगितली आहे. मडक्याच्या सूक्ष्म रंध्रांतून मुळांना हवें तेवढेंच पाणी मिळतें. उन्हानें उडून जाणारें पाणी वांचतें.

नऊ दिवसांत देवघरांतील अंकुर चांगले उंच होतात. पण त्यांचा रंग पाहावा, तों पिवळसर. उजेड नसल्यानें रोप बियांतील सांठ्यावर जगतें, प्रकाशाच्या शोधांत लांब होतें आणि हिरवें होऊं शकत नाहीं. दसऱ्याला ते अंकुर टोपींत खोवतात, येथें त्यांचें कार्य संपतें. प्राचीन अथेन्समधील स्त्रियाही अडोनिस या देवतेच्या उत्सवांत मडक्यांत बडीशेप व सलादाचीं पानें पेरून तीं मडकीं घराच्या गच्चीवर नेत. तीं रोपें लवकर उगवत व लवकरच सुकत. शहाणा शेतकरी मोलाचें बियाणें अशा आठ दिवसांच्या बागेंत टाकणार नाहीं, असें प्लेटोनें ‘फीड्रस’ या संवादांत सुचविलें आहे. तात्पर्य, उत्सवाची पेरणी वेगळी आणि स्वयंपाकाची वेगळी.

स्वयंपाकाची हिरवळ आमच्या घरांत वाढे ती चौकाच्या आधारानें. मराठवाड्यांतील जुनीं घरें माळवदाचीं, जाड भिंतींचीं. आंत उजेड यावयाचा तो चौकांतून. न्हाणीचें व मोरीचें पाणी ज्या कोपऱ्यांत जाई, तेथें अळू आणि कढीलिंब असे. फुटक्या घागरीच्या बुडांत कोथिंबीर पेरली जाई. ही कोथिंबीरही मोठ्या कुळांतली बरें! इजिप्तचा राजा तुतनखामन याच्या १९२२ सालीं सांपडलेल्या थडग्यांत धने मिळाले आहेत. आणि पाणिनीच्या अष्टाध्यायींत ‘कुस्तुंबुरु’ हें तिचें नांव आलें आहे. आमचा ‘कोथिंबीर’ शब्द त्याचाच वंशज होय. शेजारच्या वऱ्हाडांत मात्र तिला सांबार म्हणतात.

या वाफ्याची राखण घरांतील स्त्रियांकडे असे, आणि तिचें खरें मोल टंचाईंत कळे. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. डाळ धुतलेलें पाणी आई कधीं फेंकूं देत नसे. तें त्या घागरीच्या बुडांत जाई. भाकरी-चटणीच्या ताटांत चार हिरवीं पानें पडत, तीं त्याच पाण्याचीं. पुढें २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ज्या प्रदेशांत अशी पाळी येते, तेथें नळाचें शुद्ध पाणी कुंडींत ओतणें शोभत नाहीं.

म्हणून जुन्या घराकडून दोन गोष्टी घ्याव्या : घटाचें पाणी आणि चौकाचा उजेड. पसरट कुंडीच्या मध्यभागीं रंग न दिलेलें लहानसें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, त्यांत भाजी-डाळ धुतलेलें पाणी, मीठ वा साबण नसलेलें, गाळून भरावें आणि वर झांकण ठेवावें. कुंडी रोज चार-पांच तास ऊन येणाऱ्या खिडकींत असावी. धने अखंड पेरूं नयेत. एका दाण्यांत दोन बिया असतात, त्या हलकेंच रगडून वेगळ्या कराव्या. मराठवाड्याच्या वैशाखांत कोथिंबीर लवकर फुलावर येते, यास्तव पेरणीचा आरंभ दसऱ्यानंतर करावा. घट उठविल्यावर ती माती टाकून न देतां कुंडींत घालावी आणि तींतच धने पेरावे.