आयरिश आणि ब्रिटिश यांचं आज पटतं का? मालवणच्या वराडकरांच्या गोष्टीतून समजून घ्या

2019 सालच्या डिसेंबरचे शेवटचे दिवस. सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं वराड गाव एका पाहुण्याची वाट बघत होतं. पाहुणा साधासुधा नव्हता, आयर्लंडचा पंतप्रधान होता. नाव लिओ वराडकर. आपल्या वडिलांचं मूळ गाव बघायला ते आई-वडील आणि कुटुंबासह आले होते.

गावाने कौतुकाने स्वागत केलं, फोटो व्हायरल झाले. पण त्याआधीची दोन-अडीच वर्षं याच माणसाने ब्रिटनच्या पंतप्रधानांसमोर एका मुद्द्यावर पाय रोवले होते. तो मुद्दा होता आयर्लंड बेटावरच्या सीमेचा. आयरिश आणि ब्रिटिश यांचं आज नक्की कसं आहे, हे कळायचं असेल तर ही सीमा समजून घ्यावी लागते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

सोशल मीडियावर आयरिश माणसाला सर्रास 'ब्रिटिश' म्हटलं जातं. आयरिश लोकांना हे अजिबात आवडत नाही.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड धरलं की युनायटेड किंगडम, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'ब्रिटन' किंवा 'यूके' म्हणतो ते. आणि डब्लिन राजधानी असलेलं आयर्लंड प्रजासत्ताक हा पूर्ण वेगळा, स्वतंत्र देश. त्याचं चलन युरो आहे आणि तो युरोपियन युनियनमध्ये आहे.

म्हणजे एकाच बेटावर दोन देशांची हद्द आहे. बेटावरच्या 32 काउंटींपैकी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) 26 प्रजासत्ताकात आणि 6 उत्तर आयर्लंडमध्ये.

गंमत म्हणजे क्रिकेटमध्ये आणि रग्बीमध्ये अख्ख्या बेटाचा एकच संघ असतो, फुटबॉलमध्ये मात्र दोन. आणि 2019 चा क्रिकेट वर्ल्ड कप इंग्लंडला जिंकून देणारा कर्णधार इऑन मॉर्गन जन्माने डब्लिनचा. आधी तो आयर्लंडकडूनही खेळला होता.

भांडणाचं मूळ काय?

इंग्लंडची आयर्लंडवरची सत्ता शतकांची. 17 व्या शतकात उत्तरेकडच्या अल्स्टर भागात स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून प्रोटेस्टंट लोक आणून वसवले गेले. स्थानिक लोक बहुतांश कॅथलिक. 1801 मध्ये आयर्लंड कायद्यानेच युनायटेड किंगडमचा भाग झालं.

1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे 10 लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. या काळातही आयर्लंडमधून धान्य बाहेर जात राहिलं. ही जखम आयरिश मनातून अजून गेलेली नाही.

1916 चा ईस्टरचा उठाव, 1919 ते 1921 चं स्वातंत्र्ययुद्ध आणि डिसेंबर 1921 चा करार, यातून 26 काउंटी मोकळ्या झाल्या. प्रोटेस्टंटांचं बहुमत असलेल्या 6 काउंटी ब्रिटनकडे राहिल्या. फाळणी झाली ती अशी.

आपला याच्याशी संबंध नाही असं वाटत असेल, तर तसं नाही. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये स्थापलेल्या होमरूल लीगचं नाव आयरिश चळवळीवरून आलं. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांना हेही ठाऊक असेल की आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून घेतली आहेत.

मग शांतता कधी आली?

1960 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंड पेटलं. घरं, नोकऱ्या, मतदान यात भेदभाव होतो म्हणून कॅथलिक रस्त्यावर उतरले. पुढची 30 वर्षं बॉम्ब, गोळीबार आणि लष्कराचा पहारा यात गेली. 3,500 हून अधिक लोक मेले.

30 जानेवारी 1972 रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. 13 जण जागीच गेले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागायला 2010 साल उजाडलं. दुसऱ्या बाजूने आयआरए या सशस्त्र संघटनेने ऑगस्ट 1979 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक बोट उडवली. त्यात मारले गेलेले लॉर्ड माउंटबॅटन म्हणजे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय.

अखेर 10 एप्रिल 1998 रोजी गुड फ्रायडे करार झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी तीन:

- उत्तर आयर्लंडचं सरकार दोन्ही समाजांनी मिळून चालवायचं.
- तिथल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही. पासपोर्टही तसेच मिळतात.
- बहुमताने ठरवलं तरच उत्तर आयर्लंड ब्रिटन सोडून प्रजासत्ताकात जाईल.

या कराराला उत्तरेत 71 टक्के आणि प्रजासत्ताकात 94 टक्के मतदारांनी होकार दिला. सीमेवरची लष्करी ठाणी हळूहळू गेली. आज त्या रस्त्यावरून गाडीने जाताना आपण दुसऱ्या देशात आलो हे बहुतेकदा वेगाच्या पाटीवरूनच कळतं. एकीकडे मैल, दुसरीकडे किलोमीटर.

मे 2011 मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला गेल्या. त्याआधी तिथे आलेले ब्रिटिश राजे म्हणजे पाचवे जॉर्ज, 1911 साली. त्याच वर्षी ते मुंबईत अपोलो बंदरावर उतरले आणि त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधलं गेलं. म्हणजे शेजारच्या देशात पुन्हा पाऊल ठेवायला ब्रिटनच्या गादीवरच्या राजा-राणीला 100 वर्षं लागली.

ब्रेक्झिटने काय बिघडवलं?

23 जून 2016 रोजी ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा कौल दिला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र जवळपास 56 टक्के मतं युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने होती.

अडचण काय झाली ते आपल्याकडच्या उदाहरणाने बघू. श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी नगर जिल्ह्यात, आणि भीमा ओलांडली की दौंड पुणे जिल्ह्यात. काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला नदीपलीकडचे लोक जनावरं घेऊन येतात, इकडचे लोक कामाला, रेल्वेला दौंडला जातात. उद्या भीमेच्या पुलावर जकात नाका बसला, प्रत्येक बैलाचे कागद आणि दुधाच्या प्रत्येक टँकरची तपासणी सुरू झाली, तर काय होईल?

आयर्लंडमध्ये नेमकी हीच भीती होती. ही सीमा सुमारे 500 किलोमीटर लांब, ओलांडायचे रस्ते 200 हून जास्त. उत्तरेतलं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. काहींचं घर एका देशात आणि रान दुसऱ्या देशात.

आणि प्रश्न फक्त धंद्याचा नव्हता. ऑक्टोबर 2018 मध्ये वराडकर युरोपियन नेत्यांच्या बैठकीत एक वर्तमानपत्र घेऊन गेले. त्यात 1972 साली न्यूरीच्या सीमाशुल्क चौकीत झालेल्या बॉम्बस्फोटाची बातमी होती. त्या स्फोटात 9 जण गेले होते. सांगायचं हे होतं, की चौकी आली की तिच्यावर हल्लाही येतो.

वराडकरांनी काय केलं?

जून 2017 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी ते पंतप्रधान झाले. आयर्लंडमध्ये या पदाला 'टीशक' म्हणतात. त्यांची अट एकच होती: बेटावर तपासणीची सीमा नको.

10 ऑक्टोबर 2019 रोजी ते बोरिस जॉन्सन यांना इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ भेटले आणि कोंडी फुटली. तोडगा असा निघाला की उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचेच नियम पाळेल आणि तपासणी बेटावर नव्हे, तर ब्रिटनमधून समुद्रमार्गे माल येतो त्या बंदरांवर होईल.

पण यातून दुसरी बाजू दुखावली. उत्तरेतल्या ब्रिटननिष्ठ लोकांना वाटलं, आपल्याच देशातून येणाऱ्या मालाला आता कागद लागणार, म्हणजे आपण परके झालो. त्यांचा मोठा पक्ष डीयूपी फेब्रुवारी 2022 मध्ये स्थानिक सरकारमधून बाहेर पडला आणि दोन वर्षं कारभार ठप्प झाला.

फेब्रुवारी 2023 मध्ये विंडसर करार झाला. उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी कमी तपासणीची हिरवी वाट, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल वाट. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक होते आणि वराडकर दुसऱ्यांदा टीशक. दोन्ही देशांच्या प्रमुखपदी भारतीय वंशाची माणसं!

आज परिस्थिती कशी आहे?

3 फेब्रुवारी 2024 रोजी उत्तर आयर्लंडचं सरकार परत आलं. शिन फेन पक्षाच्या मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. बेट एक व्हावं असं मानणाऱ्या पक्षाकडे हे पद पहिल्यांदाच आलं. वराडकरांनी त्याच वर्षी पद सोडलं. मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला दोन्ही देशांची शिखर परिषद झाली.

दोन प्रश्न मात्र शिल्लक आहेत. पहिला, जुन्या हत्यांच्या न्यायाचा. ब्रिटनने 2023 मध्ये कायदा करून अनेक तपास बंद केले, तेव्हा आयर्लंड सरकारने थेट युरोपियन मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून नवी चौकट जाहीर केली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ते अजूनही उत्तराची वाट बघत आहेत.

दुसरा प्रश्न एकीकरणाचा. 2021 च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक (45.7 टक्के) प्रोटेस्टंट पार्श्वभूमीच्या लोकांपेक्षा (43.5 टक्के) जास्त निघाले. पण प्रत्येक कॅथलिक एकीकरणालाच मत देईल असं नाही. आरोग्यसेवा, पगार, पेन्शन यांचं काय होणार, हे बघून ठरवणारे बरेच आहेत.

सामान्य माणसांचं मात्र जमतं

दोन्ही देशांतल्या नागरिकांना एकमेकांकडे व्हिसाशिवाय राहता येतं, नोकरी करता येते. आयरिश माणूस ब्रिटनच्या संसदेसाठी मतदानही करू शकतो. ही सोय ब्रेक्झिटनंतरही टिकली.

वराडकरांचं घर हे त्याचंच उदाहरण. त्यांचे काका इंग्रजांविरुद्धच्या आपल्या स्वातंत्र्यलढ्यात होते. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, 1960 च्या दशकात इंग्लंडला गेले. आई मिरियम आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीतल्या नर्स, त्याही कामासाठी इंग्लंडला गेलेल्या. दोघांची गाठ पडली ती स्लाव गावच्या हॉस्पिटलात. ज्या देशाशी दोन्ही घराण्यांच्या देशांचं भांडण होतं, त्याच देशात ते भेटले, आणि 1979 मध्ये डब्लिनला जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे त्याच देशाशी वाटाघाटी करायला बसला.