हुतात्मा सैनिकांचा ध्वजसन्मान (अहिल्यानगर जिल्हा)

कर्तव्यावर मरण आलेल्या सैनिकाला राष्ट्रध्वजाद्वारे दिला जाणारा अधिकृत मान. अमेरिकेत पहिल्या महायुद्धापासून अशा सैनिकाच्या घराच्या खिडकीत सोनेरी ताऱ्याचे निशाण लावतात. भारतात त्यासाठी वेगळा ध्वज नाही; तिरंगाच पार्थिवावर पांघरतात. तिरंग्याचा असा वापर एरवी राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ नुसार गुन्हा आहे. शासकीय इतमामातले आणि लष्करी व निमलष्करी दलांतले अंत्यसंस्कार एवढाच त्याला अपवाद, आणि या मानाचे मोल त्यातच आहे.

ध्वजसंहितेप्रमाणे (२००२) केशरी पट्टा डोक्याकडे येतो. ध्वज चितेवर जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी जवान तो काढून घेतात, घडी घालतात आणि वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा नियम मात्र राष्ट्रपती, पंतप्रधान अशा ठरावीक पदांसाठी आहे. सैनिकाच्या मृत्यूनंतर तो आपोआप लागू होत नाही.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हे रणगाडा दलाच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे ठाणे. तरीही खेड्यापाड्यांना तिरंग्यातले पार्थिव दिसू लागले ते प्रामुख्याने कारगिल युद्धापासून (१९९९). १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत. घरी यायची ती तार. आता अख्खा गाव रस्त्यावर येतो, बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुल वाजतो. तो दिवस गावाच्या स्मरणात राहतो. पुढची वर्षे मात्र कुटुंबालाच काढायची असतात.

त्या वर्षांसाठी दुसरा, छोटा ध्वज आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. तिन्ही दलांचे लाल, गडद निळा व फिकट निळा हे रंग असलेले कागदी ध्वज देऊन निधी गोळा करतात. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते. कचेऱ्या आणि शाळा त्यात असतात. संकलनाचे उद्दिष्ट दरवर्षी ठरवून दिले जाते. ते गाठण्याच्या घाईत ध्वज मुलांच्या हाती पडतो आणि तो कोणासाठी, हे सांगायचे राहून जाते. ते सांगणे निधीइतकेच गरजेचे आहे. हुतात्म्यांच्या कुटुंबांबरोबर अपंगत्व आलेले जवान आणि गरजू माजी सैनिक यांनाही या निधीतून मदत मिळते.